पनवेलहून शनिवारच्या रात्रीकडे

निघण्याआधी एवढं करा: फोनवर गाणी उलटसुलट लागण्याची जी सोय असते, ती बंद करा. तुम्ही ज्या रात्रीत शिरणार आहात तिथे फक्त चार रचना आहेत आणि त्यांचा क्रम मोडला तर तुम्ही भलत्याच दारातून आत याल. अल्बमचं नाव ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. वाजवणारे ‘रिमेंबर शक्ती’. आता कानांवर हेडफोन चढवा.

डिसेंबर २०००. तुम्ही लाईन आळीतून पनवेल स्टेशनच्या दिशेने चालत आहात. पनवेल अजून नगरपालिकेचं गाव आहे, महानगरपालिका व्हायला सोळा वर्षं बाकी आहेत. मुंबईहून थेट लोकल यायला लागली १९९८ मध्ये, त्यामुळे रात्रीचा कार्यक्रम ऐकून त्याच रात्री घरी परतता येईल, हा विचार गावाला अजून नवा आहे. एक्स्प्रेसवे पुरता झालेला नाही. हवेत थोडा गारवा आहे. पिवळ्या-तपकिरी डब्यात खिडकी मिळते. बेलापूर, नेरूळ, वाशी जातं, मग खाडीचा पूल, मग मानखुर्द.

चेंबूर आलं की मान वळवून बघा. आज रात्री गाणारा शंकर महादेवन या चेंबूरचा. घर तमिळ, पण त्याच्या संगीताला आकार दिला श्रीनिवास खळे यांनी. लहानपणी त्याच्या हातात वीणा होती, आणि भीमसेन जोशी व लता मंगेशकर यांच्या ‘राम श्याम गुणगान’साठी खळेअण्णांनी ती त्याच्याकडून वाजवून घेतली. वडाळ्याहून हार्बरचा दुसरा फाटा माहीमकडे जातो. माहीम म्हणजे झाकीर हुसेन यांचं बालपण, सेंट मायकेल शाळा आणि पहाटेचा रियाज. ज्या रुळांवरून तुम्ही जात आहात, ती या माणसांच्या रोजच्या शहरातली वाट आहे. परदेशी कंपनीने छापलेला, जगभर विकला गेलेला हा अल्बम आपल्याला दूरचा वाटतो. तो दूरचा नाही.

आत या, बसा. पहिली रचना ‘लुकी’, जॉन मॅक्लॉफ्लिन यांची. गिटारवर ते स्वतः आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांच्या जोडीला विजेवरचं मँडोलिन घेतलेले यू. श्रीनिवास, वय एकतीस. परदेशी वाद्यातून कर्नाटक संगीतातली गमकं काढून दाखवून या माणसाने लहान वयातच जाणत्यांना गप्प केलं होतं. खंजिरीवर व्ही. सेल्वगणेश. तळहाताएवढं ते वाद्य, पण त्यातून निघणारा खर्ज ऐकून तुम्हाला मागे कुणी मोठा ढोल घेऊन बसलंय असं वाटेल. ड्रम्सवर शिवमणी. आणि तबल्यावर झाकीरभाई.

पहिली काही मिनिटं गोंधळायला होईल. होऊ द्या. कोण कुणाला काय विचारतंय ते लगेच कळत नाही. मग एका क्षणी एक तुकडा तीनदा येतो, तिसऱ्यांदा त्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर पडतं आणि तुमचा हात आपोआप मांडीवर आपटतो. अखंड हरिनाम सप्ताहात पखवाजाची तिहाई ऐकत वाढलेल्या पनवेलच्या माणसाला ही जागा कुणी शिकवावी लागत नाही. या रात्री भवानी शंकर यांचा पखवाजही आहे.

अमेरिकेत ज्यांना जॅम बँड म्हणतात, त्यांची सगळी श्रद्धा एकाच गोष्टीवर आहे: गाणं ठरलेलं असतं, पण आज ते कुठे जाईल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. त्यातला सर्वांत मोठा बँड ग्रेटफुल डेड. त्याचा ड्रमर मिकी हार्ट हा १९६७ पासून झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने भारावलेला, पुढे त्यांच्याकडे शिकलेला. डेडच्या १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’मध्ये अकरा मात्रांचं एक गाणं आहे, आणि ज्यांनी आपला तबला ऐकलाय त्यांना त्या मोजणीचं मूळ शोधत फिरावं लागत नाही. डेडने श्रोत्यांना मैफली टेपवर उतरवून घ्यायला मोकळीक दिली होती. आपल्याकडेही गाण्याला जाताना पिशवीत टेपरेकॉर्डर घालून नेणारे रसिक होते, आणि त्यांच्या कॅसेटी आज लोक जिवापाड जपतात. स्टुडिओत सगळं दुरुस्त करता येतं. मैफलीत जे सुटलं ते सुटलं, आणि जे साधलं ते तेवढ्यापुरतंच साधलं. मला त्यामुळेच अशी ध्वनिमुद्रणं जास्त खरी वाटतात.

दुसरी रचना सुरू झाली की पाय पसरून बसा. ‘शृंगार’. अल्बमचा सर्वांत लांब भाग, अर्ध्या तासाच्या जवळ जाणारा, आणि माझ्या मते सर्वांत श्रीमंत. संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा, बासष्ट वर्षांचे. इथे कुणालाच कसली घाई नाही. संतूरच्या तारेवर काडी पडते आणि स्वर लगेच विरायला लागतो, तो ताणून धरता येत नाही. काश्मीरच्या या वाद्याला रागसंगीतात अनेकांनी नाकारलं ते याच कारणाने. शिवजींनी आयुष्य खर्चून त्यावर उपाय काढला: काड्या तारांवर इतक्या हलक्या, इतक्या जलद सरकवायच्या की कानाला अखंड स्वर ऐकू यावा. आता गिटारकडे लक्ष द्या. गिटारचीही तीच अडचण आहे, छेडलेली तार विझतेच. विझत जाणाऱ्या स्वरांची ही दोन वाद्यं एकमेकांना सांभाळून घेतात. एकाचा स्वर संपत येतो तिथे दुसऱ्याचा उगवतो. मॅक्लॉफ्लिन इथे वेग दाखवत नाहीत. ज्याच्या बोटांच्या वेगाचा जगभर दबदबा आहे तो माणूस या अर्ध्या तासात मुख्यतः ऐकतो आहे, आणि तुम्ही त्याचं ते ऐकणं ऐकता आहात.

तबल्याकडेही बघा. झाकीरभाई एकोणपन्नास वर्षांचे. याच वर्षी ३ फेब्रुवारीला त्यांचे वडील, उस्ताद अल्लारखाँ गेले. सर्वांचे अब्बाजी. त्याच्या आदल्याच दिवशी बहीण रझिया गेली होती. दहा महिने नुकतेच पुरे झालेत. तौफिक कुरेशी, धाकटा भाऊ, तोही याच मंचावर आहे. डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली प्रत्येक मींड ऐकताना हे तुमच्या मनात राहणारच. वाजवणाऱ्याच्या मनात काय होतं याबद्दल मी काही बोलणार नाही. इतकंच सांगतो की हात कुठेही जड पडलेला नाही.

मग ‘गिरिराज सुधा’. त्यागराजांची गणपतीवरची कृती, आणि शंकर महादेवनचा मोकळा, उंच आवाज. पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक दोन्ही ज्याच्या जिल्ह्यात, अशा तुम्हाला या रचनेतल्या देवाची ओळख करून घ्यावी लागणार नाही. भाषा कळो न कळो, मँडोलिनने आवाजाची पाठ धरली की तुम्ही टाळ शोधू लागाल.

चौथी ‘बेल’अल्ला’. आता सगळे तालवाले एकत्र येतात: तबला, खंजिरी, ढोलक, तविल, ड्रम्स. उत्तर, दक्षिण आणि लग्नाची वरात एका मांडवात. ही रचना मला नेहमी लवकर संपल्यासारखी वाटते. मुळात रात्र यापेक्षा मोठी असणार, अल्बममध्ये तासाभराचाच ऐवज आला. वाद्यं मिळवताना चाललेल्या गप्पा, मध्येच एखाद्याला आलेलं हसू, हे सगळं ठेवायला हवं होतं.

टाळ्या वाजतात. एवढ्यात हेडफोन काढू नका. काढलेत की २०२५ नंतरचं पनवेल समोर येईल आणि त्याबरोबर तारखाही: श्रीनिवास गेले १९ सप्टेंबर २०१४ ला, पंचेचाळीस वर्षांचे. शिवजी १० मे २०२२ ला. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला, सॅन फ्रान्सिस्कोत. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच बँडच्या, म्हणजे शक्तीच्या, ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळालं होतं आणि झाकीरभाई व शंकर महादेवन मंचावर एकत्र उभे होते.

त्यापेक्षा आणखी मागे चला. ५ जुलै १९७५, तोही शनिवारच. लाँग आयलंडवरचं साउथहॅम्प्टन कॉलेज, शक्तीचा पहिला अल्बम. इकडे आणीबाणीला दहा दिवस झालेत, तुमचं पनवेल अजून कुलाबा जिल्ह्यात आहे, सिडको नव्या शहराचे नकाशे काढतेय आणि शेतांत लावणीचे दिवस आहेत. तिकडे मॅक्लॉफ्लिन आपली विजेची गिटार बाजूला ठेवून अकूस्टिक गिटार घेऊन मंचावर आलेत. व्हायोलिनवर एल. शंकर, मृदंगावर रामनाड राघवन, घटमवर विनायकराम, म्हणजे खंजिरीवाल्या सेल्वगणेशचे वडील. पहिली रचना ‘जॉय’, अठरा मिनिटांची. ती लावा. अब्बाजी हयात आहेत आणि त्यांचा थोरला मुलगा चोवीस वर्षांचा आहे.