हेलसिंकीची दुसरी आठवण

सन १९५२ चें हेलसिंकी येथील ऑलिंपिक म्हटलें कीं, महाराष्ट्रीय वाचकांस कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आठवतात, आणि तें योग्यच आहे. त्यांचें कांस्यपदक हें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापुरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें, ही हकीकत घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच मैदानीं मेळ्यांत मुंबईच्या वांद्र्याची एक मुलगी शंभर व दोनशें मीटरांच्या शर्यती धावली होती, हें किती जणांस माहीत असेल?

तिचें नांव मेरी डिसोझा. विवाहानंतरचें आडनांव सिक्वेरा. स्वतंत्र भारतानें त्या वर्षीं प्रथमच ऑलिंपिकला स्त्रिया पाठविल्या, त्याहि चारच: धावण्यांत नीलिमा घोष व मेरीबाई, पोहण्यांत आरती साहा व डॉली नझीर. निवड झाली, पण पैसा कोठें होता? तेव्हां स्नेह्यासोबत्यांनीं पत्त्यांचे डाव व नृत्याचा कार्यक्रम भरवून वर्गणी जमविली. कोल्हापुरांत घर गहाण पडलें, वांद्र्यांत नाच झाला; अडचण एकच होती.

हेलसिंकीस मेरीबाई दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरींत मागें पडल्या. दोन्ही सुवर्णपदकें ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सन यांनीं नेलीं. एवढ्यावरून निकाल देणें सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांस धावण्याची मुभाच मुळीं १९२८ सालीं मिळाली. त्या वर्षीं आठशें मीटरांच्या शर्यतीनंतर असा गिल्ला झाला कीं, ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. दोनशें मीटर तर १९४८ पासूनचे. म्हणजे मेरीबाई धावल्या ती स्पर्धा ऑलिंपिकमध्यें दुसऱ्यांदाच होत होती.

त्यांचें खरें सामर्थ्य आशियांत दिसलें. मार्च १९५१ मध्यें दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धांत दोनशें मीटरांत त्यांना कांस्यपदक मिळालें, आणि चौघींच्या रिले शर्यतींत रौप्य. सुवर्ण जपानी मुलींनीं घेतलें. रिलेमध्यें केवळ पाय चालून भागत नाहीं. हातांतील बॅटन ठराविक पट्ट्यांतच पुढचीला द्यावी लागते. पट्टा ओलांडला कीं चौघीहि बाद, मग कोणी कितीहि वेगानें धावो. १९५४ सालीं मनिला येथें क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरीबाई यांनीं ही देवाणघेवाण बिनचूक साधली व सुवर्णपदक जिंकलें. याखेरीज त्या हॉकींतहि भारतातर्फें खेळल्या.

मग विस्मरण कां झालें? चौघींत वांटलेलें पदक कोणा एकीच्या नांवें लोकांच्या ध्यानांत राहत नाहीं, हें एक कारण. दुसरें बोलावयास जरा अवघड आहे. वरील नांवें वाचकांनीं पुन्हां पाहावीं. दिल्लीस शंभर मीटरांत रौप्यपदक मिळविणाऱ्या रोशन मिस्त्री तर पारशी. आमच्या पांढरपेशा घरांतील मुली तोंवर शाळा-कॉलेजांत पोंचल्या होत्या. मैदानावर मात्र आम्हीं त्यांना क्वचितच जाऊं दिलें. आणि ज्या गेल्या, त्या आमच्या म्हणून आम्हीं मोजल्या नाहींत.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मेरीबाईंना ध्यानचंद पुरस्कार २०१३ सालीं देण्यांत आला. तेव्हां त्यांचें वय ८२ होतें, आणि मनिलाच्या शर्यतीस ५९ वर्षें झालीं होतीं.