गर्भिणीचें ऊन आणि अर्भकाची वाढ

सोनगीरचा किल्ला, त्याखालून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि तेथील तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा यांविषयीं वाचकांस नवें कांहीं सांगावयास नको. परंतु अशा गांवांतील घरगुती दप्तरें चाळतांना एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वाड्यांतील गर्भवती स्त्री दिवसाचा काळ कोठें घालवी, अंगणांत कीं अंधाऱ्या माजघरांत?

हा प्रश्न निरर्थक नव्हे. खानदेशास लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांतील निरीक्षणांवरून डॉ. हचिसन व डॉ. शहा यांनीं इ. स. १९२२ मध्यें मुडदुसाच्या कारणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरांतील अर्भकांस व वयांत येणाऱ्या मुलींस हा रोग जडे. निकृष्ट अन्नावर राहून शेतांत राबणारांचीं मुलें मात्र त्यांतून सुटत. अमेरिकेंत मॅकॉलम यानें 'ड' जीवनसत्त्वास नांव दिलें तेंही त्याच वर्षीं. हें सत्त्व उन्हानें त्वचेंत तयार होतें आणि गर्भास तें मातेकडूनच मिळतें. मातेचीं हाडें मऊ पडलीं तर कटिरांतील मार्ग अरुंद होऊन प्रसूति अडते. वाड्याच्या प्रतिष्ठेची किंमत अशा रीतीनें कित्येक सुनांनीं प्राणानें दिली असली पाहिजे.

येथवर सर्व सरळ आहे. परंतु यावरून 'मातेस ऊन मिळालें कीं मूल मोठें जन्मतें' असें जें अनुमान काढलें जातें तें टिकत नाहीं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत इ. स. १९९३ पासून डॉ. याज्ञिक प्रभृतींनीं गर्भवतींचें जें निरीक्षण केलें त्यांतील बहुतेक स्त्रिया शेतकरी घरांतल्या होत्या. तरी ७९७ बाळांचें सरासरी वजन सुमारें २६६५ ग्रॅमच भरलें. पालेभाजी, फळें व दूध खाणाऱ्या मातांचीं बाळें भरदार निघालीं, अतिकष्ट करणारींचीं लहान. म्हणजे शेतकरणीस जें ऊन मिळे तें कष्टांच्या ओझ्यासह मिळे. पुढें ढाका येथें सुमारें १३०० गर्भवतींवर 'ड' जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झाले. वर्षाच्या मुलांच्या उंचींत त्यानें फरक पडला नाहीं. हाडांचा प्रश्न एक आणि वाढीचा दुसरा. दोहोंची गल्लत इतिहासलेखकानें करूं नये.

आपल्या जुन्या वैद्यकानें याकडे कसें पाहिलें? नेपाळांत सांपडलेल्या ताडपत्रावरून इ. स. १९३८ मध्यें निर्णयसागरानें छापलेल्या काश्यपसंहितेंत वर्षाचें होऊनही न चालणाऱ्या मुलाचा 'फक्क' रोग वर्णिला आहे. त्यासाठीं तीन चाकांच्या लांकडी गाड्याचा उपायही आहे, तो मोठा गमतीचा! पण कारणांचा रोख मुख्यतः दूध, पोषण व व्याधि यांवर आहे. मनुस्मृतीनें चौथ्या महिन्यांत बालकास घराबाहेर काढण्याचा संस्कार सांगितला. तो बालकासाठीं, गर्भिणीसाठीं नव्हे.

म्हणून वैद्यकाच्या बाडांपेक्षां घरगुती कागदच येथें अधिक उपयोगी पडतील. वाड्यांचे नकाशे, बाळंतपणाच्या खर्चाच्या याद्या, जन्मपत्रिका हे ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते तिथी-मितीसह प्रसिद्ध करावे. मिती मुद्दाम मागतों, कारण गर्भाचे शेवटचे महिने आषाढ-श्रावणांत गेले कीं चैत्र-वैशाखांत, हें तिच्यावरूनच कळेल.