सीमॉस इन्व्हर्टर

आदानाला मिळालेल्या तार्किक पातळीच्या उलट पातळी प्रदानाला देणारे, एक पीमॉस व एक एनमॉस अशा दोनच ट्रान्झिस्टरांचे मंडल. वीज गेल्यावर घरातला पंखा चालवणाऱ्या इन्व्हर्टरशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास यांनी 1963 मध्ये या परस्परपूरक जोडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही गेट एकत्र जोडून आदान आणि दोन्ही ड्रेन एकत्र जोडून प्रदान मिळते. पीमॉसचा सोर्स पुरवठ्याला, एनमॉसचा ग्राउंडला असतो.

आदान शून्य असताना पीमॉस चालू व एनमॉस बंद, पुरवठ्याइतके असताना नेमके उलट. म्हणून प्रदान पुरवठा किंवा शून्य यांना जाऊन टेकते आणि स्थिर अवस्थेत किरकोळ गळतीखेरीज प्रवाह वाहत नाही. अधल्यामधल्या व्होल्टेजला मात्र दोघेही चालू होतात. तिथे आदानाविरुद्ध प्रदानाच्या व्होल्टेजच्या आलेखाची रेषा कड्यासारखी खाली कोसळते. कड्याच्या वरच्या व खालच्या वळणावर, जिथे उतार उणे एक होतो, त्या दोन बिंदूंवरून गोंगाट-मर्यादा, म्हणजे आदानावर किती गोंगाट खपेल ती मोकळीक, ठरते.

ही वळणे आकड्यांत पाहण्यासाठी एक खरी प्रक्रिया घेऊ. मुंबईच्या आयआयटीत आखलेला 'अजित' प्रोसेसर मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर प्रक्रियेने तयार झाला. अशा प्रक्रियेत पुरवठा 1.8 व्होल्ट असतो. दोन्ही ट्रान्झिस्टरांचा थ्रेशोल्ड (चालू होण्याचा गेट-व्होल्टेज) 0.45 व्होल्ट आणि वाहकता सारखी धरली, तर साध्या वर्ग-नियमाने वळणे 0.79 व 1.01 व्होल्टला येतात. दोन्ही बाजूंना सुमारे 0.79 व्होल्टची मोकळीक मिळते.

सिलिकॉनमध्ये पीमॉसचे वाहक असलेले होल एनमॉसच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा मंद सरकतात. हा फरक तिप्पट मानला, तर बरोबरीसाठी पीमॉस तिप्पट रुंद हवा. मग पलटबिंदू, म्हणजे आदान व प्रदान सारखे होतात तो व्होल्टेज, 0.9 व्होल्टला बसतो. पाठ्यपुस्तकांचा या सममितीवर फार जीव. प्रत्यक्षात रुंदीच्या गुणोत्तराचे वर्गमूळच हिशेबात येत असल्याने दुप्पट रुंदीला पलटबिंदू 0.85 आणि समान रुंदीलाही 0.78 व्होल्टच राहतो. तेवढ्यासाठी चिपवरची जागा आणि गेटची धारिता वाढवणे बहुधा परवडत नाही, दुपटीवर भागते.

प्रयोगशाळेत हा आलेख सीडी4069 या सहा इन्व्हर्टरांच्या चिपवर काढता येतो : 14 क्रमांकाच्या पायाला पुरवठा, 7 ला ग्राउंड, आदान 1 वर, मीटर 2 वर. उरलेली पाच आदाने (3, 5, 9, 11, 13) ग्राउंडला जोडावीत. ती लोंबकळत ठेवली तर कड्याच्या मध्यावर तरंगू शकतात आणि काही न करता चिप प्रवाह खात बसते.