पिल्लांचा पहिला घास

मी नववीत असताना आमच्या घरच्या टाकीतील एंजल माशांच्या जोडीने पहिल्यांदा अंडी घातली. मादीने एका रुंद, उभ्या पानावर ओळीने अंडी चिकटवली आणि नर तिच्या मागोमाग फिरत ती फलित करत गेला. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटली. बारीक पिल्ले पानाला चिकटून वळवळू लागली आणि आणखी चार-पाच दिवसांनी सुटी होऊन पोहू लागली. पुढच्या आठवडाभरात त्यांतले एकही उरले नाही. मी त्यांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक कुस्करून घालत होतो. पिल्ले त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. तो तळाशी बसून कुजत होता आणि पाणी खराब करत होता.

ही चूक माझ्याआधीही अनेकांनी केली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. घरच्या टाकीत मासे वाढवण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी पिल्लांच्या पहिल्या घासाचा इतिहास आहे.

एंजल मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्याचे शास्त्रीय वर्णन १८२३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १८४० मध्ये व्हिएन्नाच्या हेकेल या शास्त्रज्ञाने त्याच्या प्रजातीला ‘टेरोफायलम’, म्हणजे पंखांचे पान, हे नाव दिले. जिवंत मासे युरोपातील हौशी लोकांच्या हाती पडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीत आणलेल्या माशांनी काही वर्षांतच टाकीत अंडी घातली. जोडी जमली, पाणी कोमट व स्वच्छ असले की एंजल अंडी घालतो. अडचण त्यानंतर सुरू होते.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत त्याला बाहेरच्या अन्नाची गरज नसते. ते पोहू लागते तेव्हा ही शिदोरी संपत आलेली असते आणि तोंडात मावेल असे भक्ष्य लगेच मिळावे लागते. हे भक्ष्य हलणारे हवे, कारण पिल्लू हालचाल पाहून झडप घालते. बलकाचे निर्जीव कण त्याला अन्न वाटतच नाहीत. डिस्कस हा एंजलचा नातेवाईक पिल्लांना आपल्या अंगावरचा चिकट स्राव खाऊ घालतो. एंजलचे आईबाप पिल्लांची राखण करतात, पण भरवत नाहीत. म्हणूनच एंजलची पिल्ले आईबापांवाचूनही वाढवता येतात. फक्त भरवण्याचे काम माणसाने करायला हवे.

पूर्वीचे लोक यासाठी पाण्यात गवत किंवा पाला कुजवून सूक्ष्मजीव वाढवत. डबक्यातून पाणपिसवा गाळून आणत. पण सूक्ष्मजीवांचे पाणी कधी तयार होईल याचा नेम नसे आणि डबक्याच्या पाण्याबरोबर पिल्लांनाच खाणारे हायड्रासारखे जीवही टाकीत शिरत. पिल्ले मात्र ठरलेल्या दिवशीच भुकेली होत. कोणत्याही दिवशी, हवे तेव्हा जिवंत अन्न तयार करता येणे ही खरी गरज होती.

ती गरज भागवणारा प्राणी माणसाच्या ओळखीचा होता. आर्टेमिया हा कोळंबीचा दूरचा नातलग. मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत तो राहतो. लिनियसने १७५८ मध्येच त्याला शास्त्रीय नाव दिले होते. पाणी आटू लागले, खारेपणा वाढला की मादी पिल्लांऐवजी जाड कवचाचे कोष सोडते. प्रत्येक कोषात सुमारे चार हजार पेशींचा, वाढ थांबलेला गर्भ असतो. वाळलेल्या कोषात जीवनक्रिया जवळजवळ बंद पडलेल्या असतात आणि त्या स्थितीत तो वर्षानुवर्षे टिकतो. १९७२ साली अपोलो-१६ यानातून असे कोष चंद्रापर्यंत जाऊन आले आहेत. खाऱ्या पाण्यात टाकल्यावर मात्र सुमारे २४ तासांत त्यातून अर्ध्या मिलिमीटरहून लहान, सतत पोहणारे नारिंगी पिल्लू बाहेर येते. एंजलच्या पिल्लाच्या तोंडात ते नेमके मावते.

सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख अॅल्विन सील यांनी १९३३ साली आर्टेमिया हे माशांचे उत्तम जिवंत खाद्य असल्याचे एका छोट्या लेखात लिहिले. त्या शहराच्या उपसागराकाठी मिठागरे होती, हे येथे लक्षात घ्यावे. १९३९ मध्ये नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी समुद्री माशांच्या पिल्लांबाबत तेच दाखवले. लिनियसपासून सीलपर्यंत १७५ वर्षे गेली. प्राणी माहीत होता, पुढे पुढे गरजही माहीत होती. पण मिठागर पाहणारे डोळे आणि मासे पाळणारे हात एका ठिकाणी यावे लागले.

आपल्याकडची गोष्टही अशीच आहे. मुंबईच्या वडाळा येथील मिठागरांत आर्टेमिया असल्याचे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली जाहीर केले. भारतातील ही पहिली नोंद मानली जाते. मी ज्या काळात पिल्लांना बलक चारत होतो, त्याच्या कितीतरी आधी त्यांचे खरे अन्न वडाळ्यात सापडलेले होते!

डबाबंद कोषांमुळे घरोघरी एंजल वाढू लागले आणि पुढे कोळंबीचे संगोपनही याच कोषांवर उभे राहिले. मागणी इतकी वाढली की १९७० च्या दशकात कोषांची टंचाई झाली. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा आर्टेमिया ब्राझीलच्या मिठागरांत मुद्दाम सोडण्यात आला. आज कोषांचा मोठा पुरवठा अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची पातळी आजवरच्या नीचांकाला गेली. पाणी प्रमाणाबाहेर खारे झाले, तर तेथे आर्टेमियाही तगणार नाही. इकडे भारतात मत्स्यसंवर्धनाबरोबर आलेली अमेरिकी जात मिठागरांत पसरून स्थानिक आर्टेमियाला हुसकावत असल्याचे आपल्या संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवले. कुलकर्णींनी नोंदवलेला जीव आपण नीट अभ्यासण्याआधीच गमावून बसू, अशी भीती आहे.

हा धडा वर्गात दाखवता येतो. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवा. त्यात चिमूटभर कोष टाका आणि हवेचा पंप लावून बाटली उजेडात, साधारण २५ ते २८ अंश सेल्सियसला ठेवा. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून एका बाजूने उजेड पाडला की पिल्ले त्या बाजूला गोळा होतात आणि रिकामी कवचे वर तरंगतात. पिल्ले तलम कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन माशांना द्यावीत. एंजलच्या पिल्लांची पोटे तासाभरात नारिंगी दिसू लागतात.

एक पथ्य मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा. उरलेले पाणी खाडीत किंवा मिठागरात ओतू नका. ते उकळून मगच फेका, आणि असे का करायचे हे त्यांनाच शोधून काढू द्या.