६०६ गावांचा हिशेब: जे. सी. कुमारप्पा आणि आजचे कॉमर्सवाले

नागपुरात बी.कॉम., एम.बी.ए. करणारी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, सस्टेनेबिलिटीत करिअर करायचं आहे, पण आम्ही पडलो कॉमर्सवाले. हे काम तर सायन्सवाल्यांचं, इंजिनिअरांचं ना?’ याचं उत्तर मी आज इतिहासातून देणार आहे. कारण आपल्याच वर्धा-नागपूर पट्ट्यात एका हिशेबनिसानं हे काम पंच्याऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म १८९२ चा, तंजावरचा. लंडनला अकाउंटन्सी शिकले, मुंबईत ऑडिटचा व्यवसाय केला, मग अमेरिकेला गेले. १९२८ साली सिरॅक्यूज विद्यापीठातून त्यांनी बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी घेतली. पुढं कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिगमन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकायला लागले. तिथं एका चर्चमध्ये त्यांनी ‘मग भारत गरीब का?’ या विषयावर भाषण दिलं. त्याची बातमी सेलिगमन यांच्या वाचनात आली आणि त्यांनी सुचवलं, प्रबंध याच विषयावर करा.

कुमारप्पांनी मग इंग्रज सरकारचा जमाखर्च ऑडिटरच्या नजरेनं तपासला. कर येतो कुणाकडून आणि खर्च होतो कुणावर? एवढा साधा प्रश्न. पण त्याचं उत्तर शोधता शोधता हा सुटाबुटातला माणूस बदलला. १९२९ मध्ये परत आल्यावर ते गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना पहिलं काम काय दिलं? गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. म्हणजे पदवी घ्या आणि गावात जा.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी अकाउंटन्सी सोडली नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजी दौऱ्यावर आले, तर त्यांच्या सोबतच्या मंडळींचा खर्च या निधीतून होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, खात्यात दुसरं काही बसत नाही. असा हा ऑडिटर.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याची आपली बाग दिली, तीच मगनवाडी. कुमारप्पा संघाचे कर्ते झाले. आणि आता आपण नागपूरला येतो. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, राजधानी नागपूर. प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करायला सरकारनं कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाचा पहिला भाग १९३९ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यातून निघाला. त्याला आधार होता ६०६ गावांच्या पाहणीचा.

आता या माणसाची हिशेबाची पद्धत बघा. तेलघाण्याचं उदाहरण घेऊ. गिरणीचं तेल स्वस्त, घाण्याचं महाग. बाजाराच्या वहीत गोष्ट इथं संपते. पण घाणा गावात असला की पेंड गावात राहते, ती गुरांना मिळते, गुरांचं शेण शेताला मिळतं, तेल्याच्या घरची चूल पेटते. तेलबिया शहरात गेल्या की पेंडही गेली. मग स्वस्त तेलाची खरी किंमत कुणी भरली? ती गावानं भरली, पण ती कुठल्याच वहीत नाही. नेमक्या या न लिहिलेल्या नोंदीकडे कुमारप्पा बोट दाखवत होते.

या अहवालाचं पुढं काय झालं? नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. शिफारशी ज्यानं अंमलात आणायच्या, ते सरकारच उरलं नाही.

पुढं ‘छोडो भारत’च्या काळात कुमारप्पा याच प्रांतातल्या जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिलं. १९४५ सालची गोष्ट. योगायोग असा, की नागपूरचं जी. एस. कॉमर्स कॉलेजही त्याच वर्षी सुरू झालं.

कुमारप्पांचं म्हणणं कॉमर्सच्या भाषेत सांगतो. कोळसा, पेट्रोलियम, खनिजं हा ठरावीक साठा, म्हणजे मुद्दल. नदीचं वाहतं पाणी, जंगलाची वाढ हे व्याज. मुद्दल खाऊन चैन करणाऱ्याला आपण श्रीमंत म्हणतो का? नाही. पण देशानं तेच केलं की त्याला प्रगती म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रंटलँड आयोगाचा शाश्वत विकासावरचा अहवाल १९८७ चा, म्हणजे ४२ वर्षांनंतरचा. मधल्या काळात, १९७३ मध्ये, शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या आपल्या गाजलेल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला.

आता आजचं बघू. कोराडी, खापरखेडा आपल्या शेजारी आहेत. आपल्याकडच्या कोळशात साधारण तीस-चाळीस टक्के राख असते. वर्षानुवर्षं ही राख साठली, तिची झळ आसपासच्या गावांनी सोसली, आणि विजेच्या दरात ती कुठं दिसली नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं राखेचा शंभर टक्के वापर सक्तीचा केला; वापर न झालेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लावली. सेबीनं आघाडीच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवर अहवाल देणं बंधनकारक केलं. हे अहवाल कोण लिहितं, कोण तपासतं? त्यात तुम्ही कॉमर्सवाले आहात. पाणी किती घेतलं, राख कुठं गेली, आकडा खरा की सजवलेला, हे ऑडिटचंच काम आहे.

पण कुमारप्पा आज असते तर इथं थांबले नसते. त्यांनी विचारलं असतं, हजार रुपये भरले म्हणून राख शेतातून उठली का? किंमत लावणं आणि मोल जाणणं यांत फरक आहे. रकाने भरून पगार घेणं हे करिअर होऊ शकतं, त्यात वाईट काही नाही. पण ज्या गावाबद्दल रकाना आहे, ते गाव न बघता तो भरला, तर आपण नुसतं कागद रंगवतो.

तेव्हा मुलांनो, कॉस्ट अकाउंटिंग मन लावून शिका, ते कामाला येणार आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा, आणि त्यातलं एक पान हातात घेऊन त्या प्रकल्पाच्या शेजारच्या गावात जा. तिथल्या विहिरीवर, शेतावर, लोकांशी बोला. पानावर काय नाही, ते तिथं कळेल. तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

वेळ झाली आहे, आता प्रश्न घेऊ या.