विश्वासूपणाची कसोटी : पंडिता रमाबाई, शारदा सदन आणि मुक्ती सदन (१८८३–१९२२)

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'विश्वासू' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याची देवावर श्रद्धा आहे तो विश्वासू आणि ज्याच्यावर इतरांनी विसंबून राहावे तोही विश्वासू. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील 'पिस्तिस' या संज्ञेतही श्रद्धा आणि एकनिष्ठा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ख्रिस्ती नीतिविचारात हे दोन अर्थ परस्परपूरक मानले जातात. परंतु एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या आयुष्यात ते अनेकदा परस्परांसमोर उभे ठाकले. श्रद्धेशी प्रामाणिक राहावे तर समाजाचा विश्वास गमवावा लागे, आणि समाजाचा विश्वास राखावा तर श्रद्धा झाकून ठेवावी लागे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे पुणे व केडगाव येथील कार्य हे या संघर्षाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात रमाबाईंच्या जीवनातील चार प्रसंगांच्या आधारे ख्रिस्ती विश्वासूपणाचा ऐतिहासिक अर्थ तपासला आहे.

सदसद्विवेकाशी निष्ठा

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या विद्वान कन्येला १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये निवर्तला आणि पती बिपिनबिहारी मेधावी यांचे १८८२ मध्ये निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने पुण्यातील सुधारक व सनातनी हे दोन्ही वर्ग दुखावले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रमाबाईंनी एका धर्मसत्तेची जागा दुसऱ्या धर्मसत्तेला दिली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या प्रश्नांवर तीव्र मतभेद दिसतात. चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा आपल्या सदसद्विवेकाला पटल्यावाचून पाळण्यास त्यांनी नकार दिला. ख्रिस्ती झाल्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या. नव्या धर्मातील गुरुजनांना खूश ठेवण्यासाठी न पटलेले पटले असे म्हणणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. विश्वासूपणाची ही पहिली पायरी होती.

दिलेला शब्द : शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. या संस्थेने दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले. त्यामागे एक महत्त्वाची अट होती : शाळा धर्मनिरपेक्ष असावी आणि विद्यार्थिनींना आपापल्या धर्माचे आचरण करण्याची पूर्ण मुभा असावी.

या भूमिकेवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. बालविधवा मुलीला घराबाहेर पाठविणे हे त्या काळात पालकांच्या दृष्टीने मोठे धाडस होते. त्यांनी ते केले ते दिलेल्या शब्दावर व या नावांवर भरवसा ठेवून. त्या काळचे पुण्यातील वातावरणही ध्यानात घेतले पाहिजे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे व टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. जेथे मिशनच्या चहाचा एक पेला जातिबहिष्काराला पुरेसा होता, तेथे ख्रिस्ती स्त्रीने चालविलेल्या वसतिगृहाकडे किती बारकाईने पाहिले जात असेल, याची कल्पना येते.

वाद उद्भवला तो प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणालाही बोलाविले नाही. मात्र येणाऱ्या मुलीला हाकलणे किंवा आपली श्रद्धा दार लावून लपविणे त्यांना शक्य नव्हते. ज्या स्वातंत्र्याने हिंदू मुलीला पूजा करता येते, त्याच स्वातंत्र्याने संस्थाचालिकेलाही प्रार्थना करता आली पाहिजे. टीकाकारांचे म्हणणे वेगळे होते. निराधार विधवा मुलीचे अन्न, वस्त्र, शिक्षण व माया ज्या व्यक्तीवर अवलंबून आहे, त्या व्यक्तीचे उघडे दार हेच आमंत्रण ठरते. 'केसरी'ने या प्रश्नावर कठोर टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात केवळ एका पक्षाला दोषी ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. रमाबाईंनी बळजबरी केली नाही आणि आपली श्रद्धाही दडविली नाही. परंतु १८९५ च्या सुमारास सदनातील काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती असेही दिसून आले. शब्दाचे अक्षर पाळले गेले. त्या शब्दातून पालकांना जे अभिप्रेत होते ते मात्र पाळले गेले नाही. 'धर्मनिरपेक्ष' या शब्दाचा अर्थ रमाबाईंच्या दृष्टीने 'सक्ती नाही' असा होता, तर पालकांच्या दृष्टीने 'प्रभाव नाही' असा होता. हे अंतर आरंभीच स्पष्ट झाले असते, तर १८९३ चा आघात कदाचित सौम्य झाला असता.

तरीही सदनाचे कार्य निष्फळ ठरले नाही. सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांचा ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि १८९६ मध्ये कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. रमाबाईंवर विश्वास न ठेवणाऱ्या पालकांसाठी हिंदू समाजातच दुसरे दार उघडले. याचे काही श्रेय रमाबाईंनी उभ्या केलेल्या उदाहरणाकडेही जाते.

निःसंदिग्ध ओळख : मुक्ती सदन

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुलींना त्यांनी आश्रय दिला. बालपणी दुष्काळाने स्वतःचे आईवडील हिरावल्याची आठवण त्यामागे होती. पुणे शहरात प्लेगमुळे निर्बंध आले असल्याने रेल्वेमार्गावरील केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. येथूनच मुक्ती सदन आकारास आले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

शारदा सदन व मुक्ती सदन यांतील फरक या लेखाच्या दृष्टीने मूलभूत आहे. मुक्ती सदन आरंभापासूनच उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. अमेरिकेतील देणगीदार कोणत्या कार्यासाठी पैसा देत आहेत आणि येथे येणाऱ्या स्त्रीला कोणते वातावरण लाभणार आहे, याविषयी संदिग्धता उरली नाही. भुकेल्या स्त्रीपुढे निवडीचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतो. परंतु ओळख झाकण्याचा आरोप आता करता येत नव्हता. शेती, विणकाम, मुद्रण, शिवण असे उद्योग शिकवून आश्रितांना स्वतःच्या पायांवर उभे करणे हा संस्थेचा क्रम होता. अंध स्त्रियांना ब्रेल लिपीही शिकविली जाई. दुसऱ्याच्या ठेवीची वाढ करून ती परत करणारा कारभारी ही शुभवर्तमानातील कल्पना येथे दैनंदिन कामात उतरलेली दिसते.

शब्दाशी निष्ठा : बायबलचे भाषांतर

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावी अशी सोपी भाषा वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. संस्कृत पंडिता असूनही त्यांनी संस्कृतप्रचुर शब्दकळा बाजूला ठेवली. अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा यांचे निधन झाले. त्या दुःखातही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष

रमाबाईंच्या जीवनातील विश्वासूपणा एकेरी नव्हता. सदसद्विवेकाशी, दिलेल्या शब्दाशी, आश्रितांशी आणि ग्रंथातील वचनाशी अशा चार निष्ठा त्यांनी एकाच वेळी वाहिल्या. पहिल्या निष्ठेत त्या अढळ राहिल्या. दुसरीत त्यांचा हेतू शुद्ध असला तरी समाजाचे समाधान झाले नाही. तिसरी व चौथी निष्ठा त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत पाळली. श्रद्धावान असणे ही व्यक्तीची आंतरिक बाब होय. विश्वासपात्र ठरणे मात्र समोरच्या माणसाच्या समजुतीवरही अवलंबून असते. म्हणूनच केवळ खोटे न बोलणे पुरेसे नसते. आपल्या शब्दाचा समोरच्याने कोणता अर्थ घेतला आहे, याचीही जबाबदारी विश्वासू माणसावर येते. १८९३ च्या पुण्याने हा धडा मोठी किंमत घेऊन शिकविला, आणि केडगावच्या उघड, नामनिर्देशित कार्यात त्याचे उत्तर सापडते. धर्म, शिक्षण व सेवा यांचा संगम असलेल्या संस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना हा धडा आजही मार्गदर्शक ठरेल.