'व'चे गोत्र

भाषाशुद्धीची चर्चा बहुधा नामांभोवती फिरते. १६७७ च्या सुमारास रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी दरबारी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनीही तीच वाट धरली. एकाक्षरी 'व' मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

हा 'व' मूळचा अरबी. हिब्रूतही त्याचा सख्खा भाऊ आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि असा रुळला, की कार्यालयीन लेखनात 'आणि'पेक्षा तोच शिष्ट वाटावा. ('आणि'चा संबंध संस्कृत 'अन्य'शी जोडतात.)

फारसीचे स्वतःचे उभयान्वयी अव्यय निराळे आहे. प्राचीन फारसीत 'उता', पुढे 'उद', अखेरीस नुसता 'ओ'. लिपी अरबी झाल्यावर हा 'ओ'देखील 'वाव' या अक्षरानेच लिहिला जाऊ लागला. दोन भिन्न कुळांतले शब्द कागदावर एकरूप झाले.

तो 'ओ' आपल्याकडेही आहे, पण दडलेला: 'बंदोबस्त' म्हणजे 'बंद-ओ-बस्त'. गंमत अशी, की 'उता' हा वैदिक 'उत'चा सगोत्र, 'बंद' हा 'बन्ध'चा आणि 'बस्त' हा 'बद्ध'चा. परका म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, त्या शब्दाचे तिन्ही अवयव संस्कृतच्या नात्यातले निघतात. घरात निमूट वावरणारा 'व' तेवढा परगोत्री.